चूक कुठून सुरू होते? बारावीचं गणित शिकवताना आणि प्रवेशाची वाट दाखवताना

पुण्यात, कोथरूडमध्ये माझ्या घरी अकरावी-बारावीची मुलं गणिताला येतात. एका वेळी चार, फार तर पाच. सोळा वर्षं झाली. दर जूनमध्ये ओळखीतलं कुणीतरी फोन करून विचारतं, "मॅडम, मीपण घरी दोन-तीन मुलं घ्यायची म्हणतेय, सुरुवात कशी करू?" गणित शिकवायला घेतलं की प्रवेशाचे प्रश्न आपोआप दारात येतात, कारण आईवडील पहिल्यांदा विचारतात ते आपल्यालाच. तोंडी सांगत आले ते इथे सविस्तर मांडते.

पहिल्या तासाला पुस्तक उघडू नका

नवीन मूल आलं की मी त्याला एक चार अंकी संख्या लिहायला सांगते. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. मग ते अंक मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, लहानाकडून मोठ्याकडे लावायचे आणि वजाबाकी करायची. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, उत्तर 3087. पुढे 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. आता 6174 घेतली तरी पुन्हा 6174 च. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता. हा शोध दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा. ते आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि नंतर देवळालीला शाळामास्तर.

त्या दहा मिनिटांत मूल काय करतं ते मी नुसतं बघत बसते. हातच्याची वजाबाकी सरळ येते का? एका ओळीखाली एक मांडतं की कागदभर पसरतं? 378 लिहिताना पुढचा शून्य सोडून देतं का? तिसऱ्या पायरीला चुकलं तर मागे जाऊन तपासतं, की "नाही येत" म्हणून पेन खाली ठेवतं? आणि 6174 आल्यावर "असं का होतं?" हे विचारतं का? मागच्या परीक्षेच्या गुणांवरून यातलं काहीच कळत नाही. दहावीला बीजगणितात 40 पैकी 38 असलेली मुलंसुद्धा इथे हातचा विसरतात.

हे सगळं मी एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवते. पालकांना त्या दिवशी काही सांगत नाही. मुलासमोर तर नाहीच.

चूक मागे मागे नेत जायची

माझ्या शिकवण्याचं सगळं सार या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

एक मुलगा बारावीच्या सप्टेंबरमध्ये आला. तक्रार एकच, "इंटिग्रेशन जमत नाही." मी साधं गणित दिलं: (x + 1) भागिले x, याचं इंटिग्रेशन. त्याने वरचा x आणि खालचा x खाडकन काटला. वर राहिलं 1 अधिक 1, म्हणजे 2. उत्तर लिहिलं 2x + c.

आता इथे दोन वाटा असतात. "अरे, असं काटायचं नसतं" म्हणून बरोबर उत्तर करून दाखवायचं, ही सोपी वाट. मूल मान डोलावतं आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक करतं. मी त्याला विचारलं, "x च्या जागी 5 ठेव. वर किती, खाली किती?" तो म्हणाला, "सहा छेद पाच." "आणि तुझ्या पद्धतीने 5 ला 5 काटलास तर?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "दोन." सहा छेद पाच आणि दोन हे एक कसे असतील, हे त्याचं त्यालाच दिसलं. मग आम्ही सहावी-सातवीच्या अपूर्णांकांवर उतरलो. काटायचं कधी? वर गुणाकार असेल तेव्हा. बेरीज असेल तर दोन्ही पदांना खालच्याने वेगवेगळं भागायचं. दोन तास फक्त तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशी तेच गणित त्याने स्वतः फोडलं, 1 अधिक 1/x, आणि उत्तर लिहिलं: x + log|x| + c. त्याचं इंटिग्रेशन कच्चं नव्हतंच. सातवीतला एक धागा सुटला होता आणि पाच वर्षं कुणी तो मागे जाऊन बघितला नव्हता.

म्हणून पायरी अशी: चूक दिसली की उत्तर सांगायचं नाही. आधी विचारायचं, "ही ओळ तू कशावरून लिहिलीस?" मग त्या जागी साधे आकडे घालायला लावायचे. sin(A + B) म्हणजे sin A + sin B असं कुणी लिहिलं तर A ला 30 अंश आणि B ला 60 अंश ठेवायला सांगा. डावीकडे sin 90, म्हणजे 1. उजवीकडे 0.5 अधिक 0.866, म्हणजे 1.366. साइन एकाच्या वर जाऊच शकत नाही, हे मुलाला माहीत असतं. एकदा हा झटका बसला की ती चूक सहसा परत येत नाही.

काही चुका आकडे घालूनही लपून राहतात. त्रिकोणमितीच्या समीकरणात 2 sin x cos x = cos x आलं की बहुतेक मुलं दोन्ही बाजूंना cos x ने भागतात आणि sin x = 1/2 घेऊन पुढे जातात. जे लिहितात ते खरंच असतं, पण अपुरं. cos x = 0 ची सगळी उत्तरं भागाकारात वाहून गेली. इथे मी विचारते, "ज्याने भागलंस ते शून्य असलं तर?" आणि cos x एकीकडे घेऊन कंसाबाहेर काढायला लावते. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायची सवय लावून घ्यायची असते, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून घेते.

प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असते. डावीकडे चुकलेली ओळ जशीच्या तशी, उजवीकडे त्याच्याच शब्दांत "मला वाटलं की..." आणि खाली बरोबर काय ते. परीक्षेआधी मुलं मार्गदर्शकं चाळतात, माझी मुलं ही वही वाचतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कुठल्याही जाडजूड पुस्तकापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, हे मी खात्रीने सांगते.

पेन मुलाच्या हातात

सुरुवातीची तीन वर्षं मी चुकीचं शिकवत होते. फळ्यावर भराभर गणितं सोडवायची, अक्षर सुरेख, मुलं खूश. एक मुलगी कधी एक शंका विचारायची नाही, मला वाटायचं तिला सगळं येतंय. पूर्वपरीक्षेत तिला 80 पैकी 31 मिळाले. उत्तरपत्रिका घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही करता तेव्हा सगळं समजतं." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. तिच्याकडून मी एकही गणित पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत करून घेतलं नव्हतं.

त्यानंतर नियम केला. नवीन प्रकाराचं एक गणित मी करते, सावकाश, प्रत्येक ओळीचं कारण मोठ्याने सांगत. दुसरं आम्ही मिळून करतो, पण पेन मुलाच्या हातात. तिसरं मूल एकटं करतं आणि करताना बोलतं. मी काही म्हणत नाही, चुकलं तरी लगेच टोकत नाही. ती शांतता सोसायला शिकावं लागतं. अडलेलं मूल दोन-तीन मिनिटं गप्प बसलं तर बसू द्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल अकरावी सायन्सला गेलं की अचानक गणितात मागे पडल्यासारखं दिसतं. बऱ्याचदा गणित ठीक असतं, अडतात ते शब्द. "अ‍ॅट लीस्ट", "अ‍ॅट मोस्ट", "रिस्पेक्टिव्हली", "हेन्स", "इफ अँड ओन्ली इफ". पहिल्या महिन्यात असे तीसेक शब्द गोळा करून प्रत्येकाला एकेक गणित जोडून द्या. "अ‍ॅट लीस्ट वन" म्हणजे "निदान एक तरी", आणि ते काढायची सोपी वाट म्हणजे 1 मधून "एकही नाही" याची संभाव्यता वजा करणे. शब्द आणि रीत एकदमच डोक्यात बसतात. समजावून मराठीतच सांगा, लिहून इंग्रजीत घ्या. मी उलट करून बघितलं आहे, मुलं पाठ करायला लागतात.

बोर्ड आणि सीईटी, दोन वेगळ्या सवयी

राज्य मंडळाचा बारावीचा गणिताचा पेपर लेखी 80 चा आणि प्रात्यक्षिकाचे 20. लेखीत पहिल्या भागात दोन-दोन गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाचे चार. पुढे दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या आठपैकी पाच. इथे पायऱ्यांना गुण आहेत. म्हणून सूत्र लिहिणं, आकृती काढणं, शेवटी "+ c" न विसरणं ही सगळी शिस्त बोर्डासाठी. गणिती तर्कशास्त्र, मॅट्रिक्स आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग हे धडे आधी पक्के करून घ्या. घाबरलेल्या मुलाच्या हाताला काहीतरी लागतं आणि धीर येतो.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेत, गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण वीस टक्के भार अकरावीच्या निवडक धड्यांवर असतो, आणि अकरावी "टाइमपास" म्हणून घालवलेल्या मुलांना तो बारावीच्या मार्चमध्ये भारी पडतो.

दोन्हीचा फरक मी एका गणिताने दाखवते. 2 ते 7 मर्यादेत, वर √x आणि खाली √x + √(9 − x), याचं इंटिग्रेशन. बोर्डात x च्या जागी 9 − x घालून दोन्ही इंटिग्रल्स मिळवायची, चार-पाच ओळी लिहायच्या. सीईटीत मुलाने बघायचं की 2 + 7 = 9 जुळतंय, म्हणजे उत्तर 7 वजा 2 चं निम्मं, 5/2. दहा सेकंद. पण हे दहा सेकंदांचं उत्तर मी त्या चार ओळी न चुकता लिहिणाऱ्या मुलालाच सांगते. आधी सांगितलं की तो 9 च्या जागी 8 असलेल्या गणितालाही तेच लावून मोकळा होतो.

सराव पेपरला घड्याळ लावून तीन फेऱ्या करायला शिकवा. पहिल्या फेरीत बघताच सुटणारे, दुसरीत थोडे लांब, तिसरीत उरलेले. पेपरनंतर गुण मोजायच्या आधी किती प्रश्न कुठल्या फेरीत गेले ते लिहून ठेवायचं.

जेईई मेनचा, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेचा, स्वभाव निराळा. गणिताचे 25 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला वजा 1. सीईटीची "सगळं भरून ये" ही सवय तिथे घात करते. दोन्ही देणाऱ्या मुलांना डिसेंबरपासूनच वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर द्यावेत, एका दिवसात सरमिसळ नको.

प्रवेशाची बोलणी अकरावीच्या दिवाळीत

निकालानंतर मार्गदर्शन सुरू करणं म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका छापणं. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रत्येक मुलाला आईवडिलांसोबत एकदा बोलावते. आधी मुलाशी अर्धा तास एकट्याने बोलते. "कशात रमतोस?" यापेक्षा "मागच्या महिन्यात कुणी न सांगता काय केलंस?" हा प्रश्न खरं उत्तर देतो.

गणिताची खरी ओढ दिसली की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगखेरीज इतर दारंही आहेत, हे त्या बैठकीत स्पष्ट सांगते. पाषाणची आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था, 2006 पासून आपल्या शहरात आहे. तिथल्या प्रवेशपरीक्षेत 60 प्रश्न असतात, गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पंधरा-पंधरा. अकरावीत बायॉलॉजी सोडलेल्या मुलांना हे बारावीच्या एप्रिलमध्ये कळलं तर हात चोळत बसावं लागतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं कोलकात्याचं बी.स्टॅट., बंगळूरचं बी.मॅथ., आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, इथे सिद्धता लिहिता यावी लागते. पर्याय निवडण्याचा सराव पुरत नाही. अशा मुलांना मी लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचा रस्ता दाखवते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली सुरू केलेली ही संस्था ऑलिंपियाडची तयारी करून घेते, आणि आपल्यासारखीच गणितवेडी मुलं भेटणं हाच तिथला मोठा फायदा. फर्ग्युसन किंवा एसपीला बी.एस्सी. करणं हा हरलेल्यांचा पर्याय आहे, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याच बैठकीत तो समज काढून टाका.

दाखल्यांचंही तेव्हाच बघायला सांगा. डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, ज्याला जे लागू असेल ते. जातवैधतेला वेळ लागतो, ती अकरावीतच हाती घ्यावी. मुली असतील तर पालकांना आवर्जून सांगा: 2024-25 पासून कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "मुलीला एवढी फी कशी भरायची" म्हणून मागे हटणारी घरं मी पाहिली आहेत.

कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म

आधी पर्सेंटाइल समजावून द्या. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या पंचाण्णवांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी, असा त्याचा अर्थ. मग मागच्या दोन वर्षांचे कटऑफ काढा आणि फक्त आपल्या प्रवर्गाचा कॉलम रंगवा. त्यातल्या संकेतांत पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागातलं विद्यापीठ), ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. चुकीचा कॉलम वाचून उगाच हुरळलेले किंवा खचलेले पालक दर वर्षी भेटतात.

यादी लावताना मुलाला आणि पालकांना वेगवेगळे कागद द्या. तीन रकाने: जायचंच आहे, चालेल, नको. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवा. मागच्या जुलैत एका घरी वडिलांच्या पहिल्या रकान्यात जे होतं ते मुलाच्या "नको"मध्ये होतं, आणि दोघांनी वर्षभरात एकदाही हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बोलत होतो.

क्रम आवडीने लावायचा, कटऑफच्या क्रमाने नाही. अवघड वाटणारं कॉलेज वर टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही, यंत्रणा वरून खाली बघत येते. पण एक सापळा आहे: पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते चुकूनही एक नंबरला नको. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाला स्वतः वाचायला लावा.

शिवाजीनगरचं सीओईपी, धनकवडीचं पीआयसीटी, बिबवेवाडीचं व्हीआयटी, कर्वेनगरचं कमिन्स, यांपैकी जे इंजिनिअरिंग कॉलेज यादीत वर असेल तिथे एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला बसने जाऊन यायला सांगते. वाघोलीहून रोज धनकवडी म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही.

परदेशी अर्ज करायचा असेल तर

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर, म्हणजे बारावीच्या ऐन सहामाहीत. ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांकडून शिफारसपत्र आणि बारावीच्या अपेक्षित गुणांचा अंदाज लागतो, त्यासाठी जुलैतच भेटायला सांगा. खासगी शिक्षकाने ते पत्र लिहू नये, अशी माझी भूमिका आहे.

2026 च्या प्रवेशापासून तिथलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि वर्गाबाहेर काय केलं. एकूण 4000 अक्षरं, प्रत्येक उत्तराला किमान 350. आपलं काम प्रश्न विचारण्याचं, वाक्यं पुरवण्याचं नाही.

एका मुलीने पहिलं वाक्य लिहून आणलं होतं: मला लहानपणापासून गणित आवडतं. मी विचारलं, "शेवटचं कधी आवडलं?" ती म्हणाली, "दिवाळीत रांगोळी काढताना." पंधरा ते आठची ठिपक्यांची रांगोळी. मधली ओळ पंधराची, वर-खाली एकेक ठिपका कमी होत आठपर्यंत. तिने एकूण ठिपके मोजले होते: 169. मग अकरा ते सहाची मोजली, 91. मी म्हटलं, "8 चा घन किती, 7 चा किती?" 512 वजा 343. तिचे डोळे मोठे झाले. 6 च्या घनातून 5 चा घन वजा केला तर 91. पुढचे तीन आठवडे तिने हे असं का, याचं चित्र शोधण्यात घालवले. ठोकळ्यांच्या घनाच्या तीन बाजूंचं कवच सोलून बघितलं, आणि तो घन कोपऱ्यावरून पाहिला की तेच ठिपके षटकोनात दिसतात, हे तिचं तिने काढलं. स्टेटमेंटमध्ये तिने तेच लिहिलं, स्वतःच्या साध्या इंग्रजीत. मी फक्त दोन ठिकाणी विरामचिन्हं सुधारली.

तिला इंग्लंडची ऑफर आली, पण खर्च झेपणारा नव्हता. तेव्हाच सीईटी आणि आयसर दोन्हींचे अर्ज भरून ठेवलेले होते, म्हणून जुलैत धावपळ झाली नाही. ती आता पाषाणला आहे. सुट्टीत येते तेव्हा माझ्या अकरावीच्या मुलांना ती रांगोळी फरशीवर खडूने काढून दाखवते.